घराण्याचा शोध: सूच्या, लायब्ररी आणि जुनी दप्तरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली बरीच वर्षं मी आमच्या घराण्याचे कागद शोधतोय, आणि आता ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आधी एवढंच लक्षात घ्या की आपली वंशावळ सापडावी म्हणून कुणी सूची करून ठेवलेली नाही. तलाठ्याने केली ती शेतसाऱ्यासाठी, उपाध्यायाने केली ती पिंडदानासाठी, शाळेने केली ती हजेरीसाठी. ज्याने ज्यासाठी लिहिलं तसंच ते लावलेलं असतं, आणि आपल्याला त्याच्या डोक्याने शोधावं लागतं.

सुरुवात कुठून करू? आधी लायब्ररीत जाऊ का?

नाही, आधी घरात. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा (विचारून), आणि बोलू द्या. पाच गोष्टी हव्यात: मूळ गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र, भावकी कुठे कुठे आहे, आणि आजी-पणजीचं माहेर. तारखा त्यांना आठवत नाहीत, त्याचा नाद सोडा. "प्लेग आला तेव्हा आजोबा रांगत होते" असं वाक्य मिळालं तरी पुष्कळ झालं, ते नंतर जुळवता येतं. मग ट्रंक उघडा. जुन्या लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, सातबारे, खरेदीखतं, पोथ्यांची मागची कोरी पानं. आमच्याकडे पणजोबांच्या भावाचं नाव पहिल्यांदा सापडलं ते एका पोथीच्या पुठ्ठ्याच्या आत, तोवर ते असे कुणी होते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

आडनाव टाकून सगळीकडे सर्च केलं, काहीच मिळालं नाही. आमच्या नोंदीच नाहीत का?

असतात, फक्त आडनावावर लावलेल्या नसतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ लोकांची गाडी इथेच अडकते. आपल्याकडचे जुने कागद गावावर लावलेले आहेत, आधी प्रांत, मग परगणा किंवा तर्फ, मग मौजे अमुक, आणि मग त्यात माणूस. आडनाव कित्येक नोंदींत नसतंच, नुसतं "रामजी बिन सखोजी" एवढंच असतं, आणि असलं तरी ते आजचं असेलच असं नाही. एकाच घरातला एक भाऊ पाटीलकीमुळे पाटील झाला, दुसरा गाव सोडून गेला आणि गावाच्या नावापुढे "-कर" लावून घेतलं, तिसऱ्याने मूळचं आडनाव ठेवलं, आज तिघांची नातवंडं एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून आधी गाव पक्कं करा. गाव माहीत नसेल तर कुलदैवत आणि भावकीवरून गावापर्यंत पोचा. गाव मिळालं की अर्धं काम झालं असं मी सगळ्यांना सांगतो.

गाव माहीत आहे, पण जुन्या यादीत तो जिल्हाच दिसत नाही.

कारण तो जिल्हा तेव्हा नव्हता! सांगली जिल्हा आधी दक्षिण सातारा होता, १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला. शिवाय तुमचं गाव संस्थानात असेल, म्हणजे औंध, फलटण, भोर, मिरज, जत, कोल्हापूर वगैरे, तर विलीनीकरणाच्या आधीचे कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या यादीत मिळणारच नाहीत, संस्थानच्या दप्तरात शोधायचे. मराठवाड्यातले असाल तर निजामी कागद, त्यात उर्दू पण येतं. एका कागदावर आपल्या गावाचा तक्ता करा, कोणत्या साली कोणता तालुका, कोणता जिल्हा, कुणाचं राज्य. एका संध्याकाळचं काम आहे. यासाठी जुने गॅझेटियर उत्तम, मुंबई इलाख्याचे जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेले खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

जुन्या नोंदीतले बिन, वलद, कोम हे शब्द म्हणजे काय?

बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको, भ्रतार पण त्याच अर्थाने येतं, "सखुबाई भ्रतार रामजी" म्हणजे रामजी हा नवरा. मयत म्हणजे वारलेला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस लहान होता आणि पुढे ज्याचं नाव आहे तो पालक, बहुतेक वेळा आई नाहीतर चुलता. ए.कु.मॅ. किंवा एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि हे दिसलं की सावध व्हा, कारण कागदावर एकच नाव असलं तरी मागे तीनचार भाऊ असतात आणि ते वेगळ्या कागदात शोधावे लागतात. मी सुरुवातीला एकुमॅ हे टोपणनाव समजलो होतो आणि वहीत तसंच लिहून ठेवलं होतं.

सरकारी कागदांपैकी सगळ्यात उपयोगी कोणता?

जमीन असेल तर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, डोळे झाकून. सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेले आकडे दिसतात ना, ते फेरफार नंबर. तो नंबर म्हणजेच इंडेक्स. त्या नंबरची नोंद काढली (गाव नमुना ६) की त्यात लिहिलेलं असतं की अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे हे हे, मुली ह्या ह्या, विधवा ही. मग त्या आधीचा फेरफार, मग त्याच्या आधीचा, असं एकेक पायरी मागे जायचं. वारसांची वेगळी नोंदवही पण असते, गाव नमुना ६-क. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या वाटेने जाता येतं, म्हणजे तीनचार पिढ्या आरामात. त्याच्या मागे जायला कडईपत्रक, शेतवार पत्रक, गुणाकार बुक अशी कागदं आहेत, ती तालुक्याच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेखच्या ऑफिसात मागायची.

आता बराचसा रेकॉर्ड स्कॅन झालाय आणि भूमी अभिलेख खात्याच्या आपले अभिलेख या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार असं निवडून बघता येतो. तिथेसुद्धा बघा, आधी गाव! सर्व्हे नंबर किंवा फेरफार नंबर हातात असेल तर पटकन सापडतं, नसेल तर पान पान चाळायची तयारी ठेवा. एक वैताग म्हणजे जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर वेगळे असतात, जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत बदललेले, त्याचं जुळवणी पत्रक तलाठ्याकडे मागायचं.

आमची जमीनच नव्हती. मग आमचं काय?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली करतात, मला फार वाईट वाटतं. कागद तुमचेही आहेत. दुसऱ्याची जमीन कसत असाल तर कुळांच्या नोंदी आहेत, १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या (कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानलं गेलं तो दिवस) कुळकायद्याच्या कलम ३२ग च्या केसेस आहेत आणि त्यात जबाबासकट माणसं सापडतात. बलुतेदार किंवा गावकामगार असाल तर वतनाची रजिस्टरं आहेत, त्यात हिश्श्यासकट नावं असतात, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली तेव्हाच्या कागदांत पुन्हा ती नावं येतात. महार वतनाच्या कागदांत भावकीतली नावं एकाखाली एक सापडतात, जमीनदाराच्या कागदात कित्येकदा तेवढीही नसतात. आणि शाळा आहे. जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, दाखल तारीख, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं मिळतं. जन्मतारीख मात्र पक्की धरू नका, मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असायची, जूनमध्ये किती मुलं जन्मली ते बघाच एकदा.

कोतवाल बुक म्हणजे काय?

गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. काही गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची आहे, पानं हातात तुटतात अशी. मृत्यूच्या रकान्यात कारण लिहिलेलं असतं, ताप, पटकी, प्लेग, आणि एकाच महिन्यात एकाच घरातली तीन नावं ओळीने दिसली की माणूस वही मिटून जरा वेळ बाहेर जाऊन बसतो. सध्याचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्याआधीच्या या वह्या आहेत तशा, कुठे तहसीलला, कुठे ग्रामपंचायतीत, कुठे नाहीतच.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत हे जुने कागद बाहेर काढले गेले, स्कॅन झाले, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गावनिहाय टाकले गेले. त्यावरची राजकीय मतं ज्याची त्याची. पण घराणं शोधणाऱ्यासाठी ते घबाड आहे, तुम्हाला दाखला नको असला तरी आपल्या तालुक्याची फाइल उघडून बघा.

कुलवृत्तांत म्हणजे काय आणि तो कुठे मिळतो?

एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची माहिती गोळा करून छापलेलं पुस्तक. विसाव्या शतकात, विशेषतः कोकणस्थ घराण्यांत, अशी पुस्तकं भरपूर निघाली, नंतर इतर समाजांतही निघाली. थोड्याच प्रती छापायचे, त्या घराण्यातच वाटल्या जायच्या, म्हणून दुकानात मिळत नाहीत. लायब्ररीत मिळतात, बहुतेक संदर्भ विभागात, घरी न्यायला देत नाहीत.

वाचायची पद्धत आहे. घराण्यांना नंबर दिलेले असतात, पिढ्यांना नंबर असतात, झाडाच्या तक्त्यात नुसती नावं आणि पुढे परिचय. एकाच नावाची पाचदहा माणसं असणार, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीतच आहे. म्हणून मागच्या सूचीत आपल्या आजोबांचं नाव शोधून झडप घालू नका, बापाचं नाव, गाव आणि बायकोचं माहेर तिन्ही जुळलं तरच आपला माणूस. आणि छापलंय म्हणून खरं असं समजू नका. पत्रं पाठवून माहिती मागवलेली असायची, ज्यांनी उत्तर दिलं नाही ती शाखा तुटकीच राहिली, कुणी दत्तक लपवला, कुणी अपराधी चुलता गाळला. विसाव्या शतकातली माहिती चांगली असते, पेशवाईच्या मागची प्रत्येक ओळ स्वतः तपासा.

लायब्ररीत गेल्यावर नेमकं काय मागायचं?

"वंशावळीची पुस्तकं आहेत का" असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी मान हलते. त्यापेक्षा ड्यूई नंबर (लायब्ररीत पुस्तकं विषयवार लावायचा नंबर) सांगा, ९२९, हा वंशावळी, नावं वगैरेचा नंबर, आणि ९२९.२ घराण्यांचे इतिहास. ड्यूई न वापरणाऱ्या जुन्या वाचनालयांत कुलवृत्तांत चरित्रात किंवा इतिहासात घुसवलेला असतो, तेव्हा दोन्ही कपाटं बघा. कार्ड कॅटलॉग असेल तर आडनावाबरोबर "कुल", "वंश", "घराणे", "इतिहास" या शब्दांखाली पण बघा. कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये कुलवृत्तांत, कुल-वृत्तांत, कुलवृत्तान्त अशी तिन्ही स्पेलिंग टाका, मला एक पुस्तक चार वर्षांनी मिळालं ते फक्त "न्त" मुळे.

पुस्तक मुळात निघालं होतं का हेच माहीत नसेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. १८०० पासून १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार यादी आहे, एका माणसाने एवढं केलं हे बघून हात जोडावेसे वाटतात. नियतकालिकांची सूची पण आहे, दाते, काळे, बर्वे यांची, त्यात तुमच्या ज्ञातीचं मासिक निघत होतं का ते कळतं. ही ज्ञातीची मासिकं फार कमी लोक बघतात! लग्नं, मृत्यू, परीक्षा पास झालेल्या मुलांची नावं, वर्गणीदारांच्या गावासकट याद्या, सगळं त्यात आहे.

जायचं कुठे? जुनी वाचनालयं गाठा: रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. आणि पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी काढलेलं, तिथे पुस्तकांबरोबर मूळ कागदपण आहेत. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. आणि ग्रंथपालाशी नीट बोला, घाई करू नका, तुम्ही काय शोधताय ते त्यांना एकदा कळलं की कॅटलॉगमध्ये नसलेलं पण त्यांच्या डोक्यात असलेलं बाहेर येतं.

पुस्तकाची पीडीएफ मिळाली पण सर्च केलं तर शून्य रिझल्ट.

जुन्या मराठी छपाईचं स्कॅन म्हणजे नुसता फोटो असतो, आत टेक्स्ट नसतं, आणि असलं तर जोडाक्षरांची वाट लागलेली असते. तेव्हा सर्चवर विसंबू नका, पुस्तकाची स्वतःची सूची मागच्या पानांवर आहे ती वाचा. सूची नसेल तर अनुक्रमणिका, तीही नसेल तर चाळा. इंग्रजी सूच्यांचं वेगळं दुखणं, एकोणिसाव्या शतकातला साहेब ऐकून लिहायचा, त्यामुळे लक्ष्मणचा लक्सुमन होतो, विठूचा विट्टू, व साठी कधी व्ही कधी डब्ल्यू, शेवटच्या ई ला दोन दोन ई. आपल्या घराण्यातल्या प्रत्येक नावाची पाचसहा स्पेलिंग आधीच लिहून न्या.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे म्हणतात. तिथे सामान्य माणसाला काही सापडतं का?

सापडतं, पण तयारी करून जायला हवं. तिथे कागद रुमालात बांधलेले आहेत, म्हणजे कापडी गाठोडी, आणि असे हजारो रुमाल, बहुतेक मोडीत. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव असे विभाग आहेत. माणसांची सूची नाही. याद्या आहेत त्या विभागाच्या, प्रांत-परगण्याच्या. म्हणून तुमचा तो गावाचा तक्ता इथे कामाला येतो. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी या दप्तरातून निवडून १९३० ते ३४ मध्ये ४५ खंड छापले, ते आधी लायब्ररीत बसून त्यांच्या सूच्यांसकट बघून घ्या, त्यात देशमुख-सरदार मंडळी जास्त, पण गावांची नावं भरपूर.

साध्या घराण्यांसाठी खरा खजिना म्हणजे वतनाची भांडणं. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, चौगुलकी कुणाची यावर तंटा झाला की दोन्ही बाजू आपला करीना लिहून द्यायच्या, म्हणजे मूळ पुरुष अमुक, त्याला पुत्र तीन, वडील अमुक निपुत्रिक वारला, धाकटा दुष्काळात परागंदा झाला, असं पाचसहा पिढ्यांचं. मग गोताचा (गावच्या पंचांचा) निवाडा, महजर (त्या निवाड्याचा साक्षीदारांसकटचा कागद), साक्षीदारांची नावं, त्यात अख्खं गाव सापडतं. तसंच इंग्रज आल्यावर इनामं तपासायला इनाम कमिशन बसलं, १८५२ चा कायदा, तेव्हा इनामदारांनी हक्क सिद्ध करायला कैफियती आणि वंशावळी दाखल केल्या. भांडखोर पूर्वजांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, जे गुण्यागोविंदाने राहिले त्यांचे करीने कुणी लिहूनच घेतले नाहीत.

पुराभिलेख खात्याचं मुख्य ऑफिस मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला पण विभाग आहेत. ओळखपत्र न्या, अर्ज करावा लागतो, आणि कागद पेन्सिलने सुद्धा खुणावू नका.

मोडी शिकावीच लागेल का?

१९०० च्या मागे जायचं असेल तर हो, निदान नावं वाचण्यापुरती. ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, हात न उचलता लिहिलेलं, पहिल्यांदा बघितलं की छाती दडपते. पण रोज अर्धा तास दिला तर दोनतीन महिन्यांत गावाचं नाव, माणसाचं नाव, बिन आणि तारीख एवढं ओळखू यायला लागतं, घराण्याच्या शोधाला सत्तर टक्के वेळा तेवढंच लागतं. पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात, बऱ्याच संस्था पण घेतात. पैसे देऊन वाचून घेणारे असाल तर एक करा, एकच कागद दोन वेगळ्या जाणकारांना द्या. आमच्या एका कागदात एकाने "बाळोजी" वाचलं, दुसऱ्याने "बावजी", आणि मधे मी वर्षभर भलत्या बाळोजीच्या मागे होतो.

जुन्या तारखा इसवी सनात कशा करायच्या?

शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनपर्यंतची तिथी असेल तर साधारण ७९. फसली असेल तर ५९० किंवा ५९१. मराठेशाहीच्या कागदात शुहूर सन असतो तो अरबी शब्दांत लिहिलेला, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्ष मृगाला सुरू होतं. उदाहरणार्थ "इहिदे सबैन मया व अलफ": इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७१, म्हणजे १७७०-७१. हे अंकशब्द एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, पाठ होतात.

त्र्यंबकेश्वरला, काशीला आपली वही असते ती कशी शोधायची?

तीर्थोपाध्यायाकडे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, सगळीकडे उपाध्यायांनी प्रांत आणि गावं वाटून घेतलेली असतात. घाटावर किंवा देवळाजवळ "अमुक तालुक्याचे उपाध्ये कोण" एवढं विचारत जायचं, दोनतीन दारांत बरोबर ठिकाणी पोचता. वहीत तुमचा पूर्वज कधी आला, बरोबर कोण, बाप-आजा-पणजा कोण हे असतं, कधी खाली त्याची स्वतःची सही पण. हरिद्वार वगैरे काही ठिकाणच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या फुकट साइटवर आहेत, पण उत्तरेकडच्या जास्त, मराठी माणसाने प्रत्यक्ष गेलेलं बरं. जाताना दक्षिणा देण्याची तयारी ठेवा आणि आपल्या नव्या पिढीची नावं लिहवून या, वही त्याच्यावरच चालते. कुलदैवताच्या ठिकाणी, तुळजापूरला, जेजुरीला, पुजाऱ्यांकडे यजमानांच्या वह्या असतात, त्याही बघा.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले असाल तर हेळव्याला विसरू नका. सुगीनंतर दारात येणारे हेळवी, त्यांच्याकडे घराण्याच्या वह्या असतात आणि ते कूळ, मूळ गाव, कोण कुठून आलं हे वाचून दाखवतात. लहानपणी आमच्या दारात यायचे तेव्हा आम्ही पोरं त्यांच्या बैलाकडे बघत बसायचो, आजोबा एकटे ऐकायचे.

बायकांची नावं कुठेच का सापडत नाहीत?

कारण वंशावळ मुलग्यांची काढतात, आणि लग्नात नाव बदलतात. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी होते, माहेरच्या कागदात ती "मुलगी" आणि सासरच्या कागदात "कोम अमुक". पण सापडतात, वेगळ्या जागा आहेत. फेरफारात विधवा म्हणून, अज्ञान मुलाची पालक म्हणून, मुली सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात, आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर जास्त नियमाने. त्या वेळच्या हक्कसोडपत्रात सगळ्या बहिणी आपापल्या सासरच्या नावागावासकट एका कागदावर असतात, त्यांनी हक्क सोडले म्हणून तो कागद झाला हे वाचताना वाईट वाटतंच, पण आज त्यांचा पत्ता त्याच कागदात आहे. कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू दोन्हीकडे. कुलवृत्तांतात बायकोच्या माहेरचं गाव आणि बापाचं नाव असतं, ते घेऊन माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत उघडायचा. जुन्या मुलींच्या शाळांची रजिस्टरं. आणि जात्यावरच्या ओव्या! आजी ओवीत माहेरच्या गावाचं, भावाचं नाव घ्यायची, ते घरात कुणाला आठवत असेल तर आजच लिहून घ्या. मी माझ्या पणजीचं माहेर एका ओवीतल्या गावाच्या नावावरून शोधलं, सहा महिने गेले, आणि तिथल्या वहीत तिचं बाळपणाचं नाव मिळालं. आमच्या घरात शंभर वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

पूर्वज फौजेत होते, किंवा परदेशी गेले. त्यांचं काय?

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आलेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट फुकट आहे, पलटणीचं नाव टाकून यादी काढा, कित्येक नोंदींत बापाचं नाव आणि गाव-तालुका दिलेला आहे. पहिल्या युद्धात मराठा पलटणींचे नंबर वेगळे होते, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७, पुढे १९२२ च्या फेररचनेत नावं बदलली, तेव्हा दोन्ही टाकून बघा.

मॉरिशसला गेलेल्या मराठी लोकांचा, जास्त करून कोकणातल्या, शोध तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये घेता येतो, गिरमिटिया (कराराने नेलेल्या) मजुरांची रजिस्टरं तिथे आहेत, नाव, बाप, वय, उंची, जात, गाव, परगणा. इथे राहिलेल्या भावकीने पण ते बघावं, "एक भाऊ समुद्रापार गेला तो परत आलाच नाही" ही गोष्ट कोकणात कित्येक घरांत आहे. तंजावरकडचे मराठी लोक असाल तर सरस्वती महाल लायब्ररी, तिथे मोडी कागद आहेत.

गोव्याचे असाल तर पणजीचं अभिलेखागार, त्याची सुरुवात १५९५ ची, कागद पोर्तुगीज भाषेत, गावकरीचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेचे, कागद खास बघण्यासारखे. ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, वसईपासून अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) मिशनपर्यंत, आणि मुंबई इलाख्यातल्या चर्च नोंदींच्या ज्या प्रती लंडनला जायच्या त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत.

नेटवर आमच्या आडनावाची वंशावळ तयारच मिळाली, पार शिवकाळापर्यंत. वापरू का?

धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. प्रत्येक पिढीला विचारा, हे कोणत्या कागदावरून? उत्तर नसेल तर ती पिढी पेन्सिलने लिहा. शिवकाळापर्यंत अखंड साखळी वतनदार घराण्यांना जमते, बाकीच्यांना १८०० च्या आसपास पोचलं तरी मोठी गोष्ट आहे, आणि मधे एक पिढी गळालेली असली तर तशीच रिकामी जागा सोडा, मोठं नाव घालून भरू नका.

भावकी कागद दाखवत नाही. वाटणीची केस करायला आलोय असं वाटतं त्यांना.

सगळीकडे हेच. एकटे जाऊ नका, आणि सातबाऱ्याची झेरॉक्स हातात घेऊन तर मुळीच जाऊ नका. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना ओळखणारं कुणीतरी बरोबर घ्या, आपल्याकडचा आधीचा तक्ता काढून द्या, त्यात त्यांच्या आजोबांचं नाव दाखवा, आणि चहा घेऊन परत या. कागद मागू नका. आमचे एक चुलते तीन वर्षं "काही नाही आमच्याकडे" म्हणत होते. चौथ्या वर्षी जत्रेला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच तक्त्यातली एक चूक दाखवली, आणि ती दाखवायला आतून जे बाड आणलं त्यात १८७० च्या दशकाचं वाटणीपत्र होतं. बाड त्यांच्याकडेच आहे, फोटो मी ओसरीवर उजेडात काढले, आणि प्रिंट काढून पहिली प्रत त्यांना दिली.